गुलमर्गचा दुसरा टप्पा : दर्यापूरच्या चौघांना उत्तर

प्रश्न असा आला आहे. दर्यापूरजवळच्या गावातले चार मित्र, वय पंचवीस ते बत्तीस. एकानं दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडातल्या औलीला १४ दिवसांचा बेसिक स्की कोर्स केलेला. दोघांनी मनालीजवळ सोलंगला भाड्याच्या स्की पायात घालून तासभर फोटो काढले. चौथ्यानं बर्फ पाहिला तो रसवंतीच्या लाकडी पेटीत. हाताशी आठ दिवस. "दादा, आमाले गुलमर्गच्या सेकंड फेजवरून स्की करत खाली यायचं हाये. काय काय लागते ते सांगा."

सेकंड फेज म्हणजे गंडोल्याचा, दोरावर चालणाऱ्या केबिनचा, वरचा टप्पा. आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. चौघांपैकी औलीवाला एकटा वरून स्की करत उतरू शकेल. तेही गुलमर्गमधल्या सहाव्या दिवशी, सोबत गाइड घेऊन, आणि त्या दिवशी वरचा टप्पा चालू असला तर. बाकी तिघांनी गंडोल्यानं वर जावं, डोंगर डोळे भरून पाहावा आणि त्याच गंडोल्यानं खाली यावं. खाली येण्यासाठी केबिन मिळते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हे पटत नसेल तर पुढचं वाचा. पटलं असेल तरी वाचा, कारण खरी तयारी घरून निघायच्या आधी करायची असते.

मी आर्णी तालुक्यातला शेतकरी. २०११ पासून हिवाळ्यात बर्फात जातो. बेसिक, मग इंटरमिजिएट असे कोर्स केले आणि आता दरवर्षी आपल्याकडची पाच-सहा पोरं सोबत नेतो. म्हणून तुमचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. सगळे वर कसं जायचं ते विचारतात. वर जाणं सोपं आहे, तिकीट काढलं की झालं. तुमचा बेत उतरण्यापासून मागे मोजत आखायला हवा.

डोंगराची रचना आधी समजून घ्या. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो, साधारण ३,१०० मीटरवर. हा टप्पा १९९८ साली सुरू झाला. दुसरा २००५ साली झाला, तो अफरवटच्या धारेजवळ ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन ठेवतो. वरून गुलमर्गपर्यंत उतार जवळपास तेराशे मीटरचा. आपला चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे चिखलदऱ्यावरून थेट समुद्रापर्यंत उतरलात, तरी दोनशे मीटर शिल्लक राहतील. आणि हे पाठीवर पिशवी, पायात दगडासारखे बूट आणि विरळ हवा असताना.

युरोपच्या व्हिडिओत दिसतात तसे मशीननं रोज दाबून गुळगुळीत केलेले रस्ते कोंगडोरीच्या वर मिळणार नाहीत. तिथं आहे तो पडेल तसा बर्फ. कुठं मांडीपर्यंत भुसभुशीत, कुठं वाऱ्यानं घासून फरशीसारखा, कुठं वरून पापडासारखी कडक पापुद्री आणि खाली पोकळ. गंडोल्याच्या खाली वाडग्यासारखा मोठा खोलगट उतार आहे, तेवढ्या भागावर स्की पेट्रोलची माणसं लक्ष ठेवतात. बर्फ पडल्यावर सुरुंग लावून सैल थर पाडतात, मगच तो भाग उघडतात. त्या हद्दीच्या डावी-उजवीकडे जो अफाट डोंगर पसरला आहे, तो कुणीच तपासलेला नसतो. वरच्या स्टेशनवरून बाहेर पडलात की तुम्ही ठरवाल ती दिशा. गुलमर्गची मजा त्यात आहे आणि धोकाही तिथंच आहे.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. कुणीतरी आधी गेलेल्यांच्या रेघा दिसल्या, म्हणून त्यांच्या मागं गेलो. रेघा छान होत्या, लांब लांब वळणांच्या, माहीतगाराच्या. माझ्या डोक्यात आलंच नाही की त्या माणसाला तिकडंच जायचं असेल आणि मला जायचं नसेल. अर्ध्या तासात मोकळा उतार संपून जंगल लागलं. स्की काढून चालावं म्हटलं, तर पहिलंच पाऊल कमरेपर्यंत आत. पाय उपसायचा, पुन्हा रुतायचा, पावसाळ्यात बंडी काळ्या मातीत रुतते तसं. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळ खड्डे असतात. त्यातल्या एकात मी डोक्याकडून जाता जाता वाचलो, ते केवळ काठी आडवी पडली म्हणून. खिशातला फोन मुका. अंधार पडता पडता द्रंग गावातला दिवा दिसला. एका घरानं आत घेतलं, कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, पुढं सरकवली, खारट नून चाय पाजली आणि कुठून कसा आलो हे एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना सवय असावी. तेव्हापासून दुसऱ्याच्या रेघांमागं जात नाही आणि माझ्या पोरांनाही जाऊ देत नाही.

आता हिमस्खलनाचं बोलू. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण टाळणारही नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमकडा कोसळला आणि १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुडमध्ये पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीअर गेला. यातलं कुणी सोलंगला तासभर फोटो काढून आलेलं नव्हतं.

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. ३० अंश म्हणजे किती, हे घरी बसून कळतं. तुमच्या गच्चीवर जाणारा जिना साधारण तेवढाच चढा असतो, कधी थोडा जास्त. आता त्या जिन्याच्या पायऱ्या बुजवून टाका, लांबी पाचशे मीटर करा, आणि वर उभे राहून खाली बघा. स्की करायला मजा येते ती नेमकी याच उतारावर आणि बर्फ सुटतोही याच उतारावर. म्हणून "जरा कमी धोक्याचा, पण मजेशीर" असा उतार शोधणं वाटतं तितकं सोपं नसतं. फोनमध्ये उतार मोजायचं ॲप घ्या. काठी बर्फावर आडवी ठेवा, त्यावर फोन ठेवा, आकडा बघा. पंधरा दिवसांत नजर तयार होते.

उतारासोबत थर पाहायचे. डिसेंबरच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडतो आणि मग कोरडी कडक थंडी पडते. तेव्हा जमिनीलगतच्या बर्फाची जाडी साखर होते, दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर जानेवारीत तीन-चार फूट जड थर येऊन बसतो. खळ्यात सांडलेल्या तुरीच्या दाण्यांवर भरलेलं पोतं ठेवून बघा, बोटानं ढकललं तरी सरकतं. तसंच हे. स्कीखाली "हूंफ" असा दबका आवाज आला, किंवा पुढच्या बर्फात काचेसारखी भेग पळत गेली, तर डोंगर तुमच्याशी बोलला असं समजा आणि आल्या वाटेनं सपाटीकडं निघा. मोठा बर्फ पडून गेल्यावरचा पहिला दिवस सगळ्यात जपायचा. ऊन लख्ख असतं, सगळे वर पळत असतात, आणि थर अजून बसलेला नसतो.

हिमस्खलनाचा इशारा संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते, तो जिल्हा प्रशासनाकडून बातम्यांत येतो. पातळ्या एक ते पाच. आपल्याला शाळेच्या सवयीनं पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, चालून जाईल असं वाटतं. तसं नाही. दोनवरून तीनवर जाताना धोका एका पायरीनं न वाढता कितीतरी पटीनं वाढतो आणि बरेच अपघात या तीनच्या दिवशीच होतात. चार किंवा पाच असेल तर हद्दीबाहेरचा विषयच बंद, कुठलाही गाइड काहीही म्हणो.

वर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात : ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. चौघांत मिळून एक असं चालत नाही. ट्रान्सीव्हर अंगाला बांधायचं छोटं यंत्र असतं. ते ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत राहतं. कुणी गाडला गेला की बाकीचे आपलं यंत्र शोधायच्या मोडवर टाकतात. प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, तिनं टोचून माणूस नेमका कुठं आहे ते पाहायचं, मग फावड्यानं उकरायचं. हे सगळं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं, त्यानंतर जिवंत सापडण्याची आशा झपाट्यानं खाली येते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ निघून गेलेला असतो, म्हणजे तुम्हाला वाचवणारे तुमच्या सोबतचेच. म्हणून मी गुलमर्गच्या सपाट मैदानात पहिल्याच संध्याकाळी एक यंत्र पिशवीत घालून पुरतो आणि पोरांना शोधायला लावतो. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतात. चौथ्यांदा चार लागतात. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : मोबाइल या यंत्राच्या कामात ढवळाढवळ करतो. यंत्र सोडायच्या मोडवर असताना फोन निदान वीस सेंटिमीटर लांब आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवायचा. छातीवर यंत्र आणि त्याच्याच वरच्या खिशात फोन, असं अर्धं जग करतं.

गाइडला दोनच प्रश्न विचारा. आज कुठं जायचं नाही आणि का? आणि सकाळी निघताना आमची यंत्रं तपासणार का? पहिल्यावर जो "सब जगह चलेगा" म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता कधी जायचं. काश्मिरी माणूस हिवाळा तीन तुकड्यांत मोजतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान, मग वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा. बर्फ भरवशाचा म्हणावा तो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. भरवशाचा हा शब्दही जपून वापरतो. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, महिना सरता सरता बर्फ आला. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा भाग पुढं ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. तुमच्या खारपाणपट्ट्यातला हिशेब पाहता तूर निघालेली आणि हरभरा सोंगायला अजून वेळ, अशी मधली फट फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सापडते. जानेवारीच्या शेवटापेक्षा मी तीच घेईन. दिवसही जरा मोठा झालेला असतो.

गंमत बघा, काश्मीरला बर्फ देतो तो पश्चिमी झंझावात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपला हरभरा, गहू, संत्रा झोडपते त्या गारपिटीतही बऱ्याचदा त्याचाच हात असतो. मी तिथं बर्फ बघून उड्या मारत असतो आणि घरून फोन येतो, आभाळ भरून आलं म्हणून. हा आनंद कधी पूर्ण घेता येत नाही.

जायचं कसं. नागपूरहून दिल्लीमार्गे श्रीनगर विमान, हा सोपा आणि महाग रस्ता. थंडीत श्रीनगरला धुकं-बर्फ झाला की विमानं रद्द होतात. दुसरा रस्ता रेल्वेचा. नागपूरवरून जम्मू-कटऱ्याकडे थेट गाड्या आहेत, दीड-दोन दिवस जातात. पूर्वी जम्मूपासून पुढं घाटरस्ता होता आणि रामबनला दरड कोसळली की दोन-दोन दिवस ट्रकांच्या रांगेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, तीन तासांत पोचवते, वाटेत ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल लागतो. माझ्यासारख्याला आता हाच रस्ता परवडतो आणि आवडतो. मात्र यात तुमच्या आठ दिवसांतले चार प्रवासातच जातात. मग रजा बारा दिवसांची काढा किंवा विमान घ्या. परतीच्या आधी एक दिवस रिकामा ठेवाच. त्या दिवशी काही ठरवायचं नाही.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचा टप्पा तंगमर्गपासून चढाचा. ताजा बर्फ असेल तर तिथं साधी गाडी थांबवतात आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीत बसवतात. त्यावरून ड्रायव्हरशी भांडू नका, तो बरोबर असतो.

फोनचं आत्ताच करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आपल्या गावांत जवळजवळ सगळ्यांकडं प्रीपेड असतं. माझा जंगलात मुका झालेला फोन तसाच होता. चौघांपैकी निदान दोघांनी महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या. डेटा बंद म्हणजे यूपीआयही बंद, म्हणून रोख जवळ ठेवा. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे झालं, त्यानंतर घरचे विचारणारच. काही ठिकाणं बंद-चालू होत असतात, निघायच्या आठवड्यात प्रशासनाची सूचना पाहा, आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरी फोन करा. मायबापांना तेवढं पुरतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि पुण्या-मुंबईचा माणूस तुम्हाला कधी सांगणार नाही, ते. सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या, चौघांनीही. विदर्भात सिकलसेल किती आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, मेळघाट तुमच्याच जिल्ह्यात. हा आजार अमुक जातीचा, आमच्यात नसतो, असं म्हणून कुणी सुटत नाही. ज्याला आजार आहे, म्हणजे एसएस, त्यानं एवढ्या उंचीवर जाऊच नये. खरी फसगत वाहकाची होते, एएस असलेल्याची. तो गावात ठणठणीत असतो, पोती उचलतो, कबड्डी खेळतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. पण उंचीवर ऑक्सिजन कमी, त्यात अंगमेहनत, त्यात पाणी कमी प्यायलेलं, अशा वेळी रक्तपेशी आकार बदलून अडकतात आणि पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, रक्त पोचेनासं होतं. पोटात डावीकडं बरगडीखाली अचानक जोराची कळ येते. चार हजार मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि आपण राहतो तीनशे मीटरवर, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. सोल्युबिलिटीची साधी चाचणी सरकारी दवाखान्यात होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस की एसएस ते ठरतं. एएस निघालं तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. माझ्यासोबतच्या एका पोराचं असं निघालं, तो कोंगडोरीपर्यंत आला, वर गेला नाही, आणि आमच्यापेक्षा चांगला स्की करून घरी परतला.

उंचीचा साधा त्रास कुणालाही होतो : डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आहे, तिथं एक रात्र काढा. गुलमर्गला पोचलेल्या दिवशी नुसतं फिरा. त्याच दिवशी गंडोल्यानं वरपर्यंत जाऊ नका, पर्यटक जातात म्हणून तुम्ही नको. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगून. डोकेदुखी वाढत गेली, तोल जाऊ लागला, बसल्या जागी दम लागला, तर औषधापेक्षा खाली उतरणं महत्त्वाचं.

पाय तयार करायला तुमच्याकडं दोन-अडीच महिने आहेत. दर्यापूरच्या सपाटीत चढ शोधून सापडत नाही, हे मान्य. रोज उठाबशा काढा, पण खाली बसताना हळू, पाच मोजत. भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर बसा, एक मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत न्या. स्कीत मांड्या उतरताना जळतात, म्हणून उतरण्याचा सराव हवा. महिन्यातून दोनदा परतवाड्याकडून चिखलदऱ्याला जा, धामणगाव गढीच्या बाजूनं घाट पायी चढा आणि पायीच उतरा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" झालं म्हणजे सराव बरोबर चालला आहे.

कपड्यांबद्दल बोलताना मला जीवावर येतं. मी पऱ्हाटीवर जगणारा माणूस, तरी सांगतो : अंगाला सुती काही नको. बनियान नाही, जीन्स तर नाहीच. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो. ओला कापूस उणे दहा अंशांत अंगाची ऊब ओढून घेतो. पहिल्या वर्षी मी आतून नवंकोरं सुती बनियान घालून गेलो होतो. चढताना घाम आला, चेअरलिफ्टवर वारा लागला, आणि पाठीवर कुणीतरी थंड ताट ठेवल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं. अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. गॉगल चांगला घ्या. बर्फावरून ऊन परत डोळ्यांत येतं आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. रात्री वाळू घातल्यासारखी आग होते, ती एकदा झाली की माणूस दुसऱ्यांदा गॉगल विसरत नाही.

स्की आणि बूट गुलमर्गलाच भाड्यानं मिळतात. बुटावर अर्धा तास घालवा, दुकानदार घाई करेल तरी. एकच पातळ मोजा, दोन नाही. दोन घातले की घडी पडते आणि रक्त अडतं. आदल्या रात्री नखं कापा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढं जेमतेम टेकला पाहिजे, आणि गुडघे पुढं वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेटली की तो मागं सरकला पाहिजे. टाच वर उचलून बघा. बुटात टाच हलली तर स्की तुमचं ऐकणार नाही. मग बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा. तो वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला किती येतं, यावरून लावतात. इथं खोटं बोलू नका. "मी ॲडव्हान्स" म्हणालात तर तो स्क्रू घट्ट करेल, तुम्ही पडाल तेव्हा बूट सुटणार नाही, आणि गुडघा सुटेल. एका दुकानात मला गंजलेलं बाइंडिंग दिलं होतं, हातानं दाबून पाहिलं नाही ही माझीच चूक. तीन आठवडे लंगडत वखरावर उभा होतो.

वखरावरून आठवलं. स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते आणि सगळं वळणं-थांबणं त्या धारेवर. वखर चालवताना रुमण्यावर किती भार द्यायचा आणि पास, म्हणजे वखराचं पातं, किती तिरपी लागली की माती धरते, हे ज्याच्या हाताला कळतं, त्याला धारेची गोष्ट लवकर समजते. स्की सपाट ठेवली की घसरते, तिरपी करून भार दिला की धरते. आमचे काश्मिरी उस्ताद हे समजावताना हात तिरपा करून दाखवत. मला त्यात पास दिसली आणि त्या दिवसापासून वळायला लागलो. पहिला धडा मात्र स्नो-प्लाउचा, स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून उभं राहायचं. नाव नांगराचं, काम ब्रेकचं.

आता तुमचे दिवस कसे लावायचे. गुलमर्गमधले सहा दिवस धरतो. नवीन तिघांनी पहिले तीन दिवस गोल्फ मैदानाजवळच्या सोप्या उतारांवरून हलायचं नाही, चांगला शिक्षक करायचा. खरं तर त्या तिघांनी यंदा सहलीऐवजी कोर्सच करावा असं माझं मत आहे. गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची आयआयएसएम ही स्की शिकवणारी संस्था आहे, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट गुलमर्गला स्की कोर्स घेते, औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे कोर्स असतात. १४ दिवसांत जे अंगात बसतं ते खासगी शिक्षकाकडून चार दिवसांत बसत नाही, आणि खर्चही कमी. औलीचं ठरवलं तर पायथ्याच्या जोशीमठची चौकशी आधी करा. तिथली जमीन खचायला लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये औलीला नेणारा रोपवे बंद झाला होता.

औलीवाल्यानं पहिला दिवस तिघांसोबतच काढावा. दोन वर्षांत पाय विसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंगडोरीचा उतार. तिथं माझी परीक्षा अशी असते : पाच फेऱ्या न पडता, डावीकडं आणि उजवीकडं सारखंच वळत, मी काठीनं दाखवलेल्या ठिकाणी एका स्कीच्या अंतरात थांबायचं. शिवाय दोन्ही स्की आडव्या धरून, वळण न घेता, नुसतं घसरत वीस मीटर खाली यायचं. हे आडवं घसरणं कुणी मनापासून शिकत नाही, पण वर अवघड जागी सापडलात की तेच घरी आणतं. चौथ्या दिवशी चेअरलिफ्टनं मेरी शोल्डर. तिथला खोल बर्फ पहिल्यांदा घ्या, त्यात पडा, आणि पडल्यावर उठायला किती वेळ लागतो तो मोजा. दोन काठ्या एकमेकींवर आडव्या टाकून त्यांच्यावर भार देऊन उठायचं, नुसता हात टेकला तर खांद्यापर्यंत आत जातो. पाचवा दिवस विश्रांती. सहाव्याला वरचा टप्पा चालू असेल आणि आधीचं सगळं पास झालं असेल, तर गाइडसोबत, हद्दीच्या आतल्या वाडग्यातून, सकाळी.

वरचा टप्पा वाऱ्यामुळं किंवा हिमस्खलनाच्या भीतीनं दोन-दोन, तीन-तीन दिवस बंद राहतो. मी एका वर्षी सहा दिवसांत एकदाही वर गेलो नाही. त्या वर्षी पत्त्यांत मात्र खूप हरलो. तुम्हाला तसं झालं तर पर्याय म्हणून बाबारेशीच्या जंगलातल्या उतारांचं आमिष कुणीतरी दाखवेल. तोही हद्दीबाहेरचाच भाग आहे, आणि झाडांत वळायला औलीच्या बेसिकपेक्षा जास्त लागतं.

विमा काढाल तर त्यात स्कीइंग धरलं आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते बारीक अक्षरांत असतं.

हॉटेलच्या खोलीत बुखारी पेटवतात, लाकडाची किंवा कोळशाची. रात्री झोपताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, थंडी आली तरी. बंद खोलीत त्यातून साचणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, वास न येता माणूस मारतो. ओले बूट बुखारीला चिकटवून वाळवू नका. आतला मऊ भाग काढून वेगळा ठेवा, नाही तर सकाळी पाय आत जाणार नाही आणि सगळे गंडोल्याच्या रांगेत असताना तुम्ही खोलीत बसून बूट पिळत राहाल.